कुत्र्याला काय हवंय, ते त्यालाच विचारा

या अंकासाठी निवडलेली पत्रं वेगवेगळ्या गावांहून आली आहेत, पण सगळ्यांची अडचण एकच आहे. बक्षीस देतो, तरी कुत्रा शिकत नाही. म्हणून या वेळी बाकीचे विषय बाजूला ठेवून फक्त बक्षिसाबद्दल लिहितो आहोत.

प्रश्न : आमची लॅब्रॅडॉर दीड वर्षाची आहे. घरात 'बस', 'थांब', 'ये' हे सगळं पहिल्या हाकेला करते. सोसायटीच्या बागेत गेलो की मात्र बिस्किट नाकासमोर धरलं तरी मान फिरवते. ती हट्टी झाली आहे का? (ठाणे)

हट्टी नाही. ती तिचा हिशेब करते आहे, आणि तो बरोबर आहे. दिवाणखान्यात बिस्किटाला स्पर्धाच नसते. बागेत खार असते, मांजर असते, बाकाखाली पडलेला वड्याचा तुकडा असतो, शिवाय दहा कुत्र्यांनी एकाच खांबावर सोडलेले वास असतात. त्यांच्यापुढे रोजचं ग्लुकोज बिस्किट फिकं पडणारच.

मानसशास्त्रात 'प्रबलक' हा शब्द आहे. ज्या गोष्टीमुळे तिच्या आधीची कृती पुढे वाढते, ती प्रबलक. एवढीच व्याख्या. आपण काय प्रेमाने दिलं, किती महागाचं दिलं, पाकिटावर काय छापलं होतं, याचा त्यात कुठेही उल्लेख नाही. चार दिवस बक्षीस देऊनही कृती वाढत नसेल, तर ते बक्षीस नव्हतंच. ते काय असावं हे कुत्रीच ठरवणार, म्हणून आधी तिला विचारा.

विचारायची पद्धत सोपी आहे. जेवणानंतर दोन-तीन तासांनी पाच-सहा पदार्थ घ्या आणि सगळ्यांचे तुकडे एकाच आकाराचे करा. तुकडे लहान-मोठे असतील तर ती चव नाही, आकार निवडेल. दोन सारख्या ताटल्या जमिनीवर साधारण अर्धा मीटर अंतराने ठेवा आणि कुत्रीला घरातल्या दुसऱ्या कुणीतरी मीटरभर मागे धरावं. दोन्ही ताटल्या हुंगू द्या, मागे घ्या, मग सोडा. ती जिकडे आधी जाईल तो पदार्थ खाऊ द्या आणि दुसरी ताटली उचला. असं दहा वेळा करा, दर वेळी डावी-उजवी बदलत. आठ किंवा जास्त वेळा एकच पदार्थ निवडला, तर तो वरचढ. त्याला पुढच्या पदार्थाशी भिडवा. ती दर वेळी उजवीकडेच जात असेल तर ती निवड नव्हे, बाजूची सवय आहे. मग ताटल्या आणखी लांब ठेवून पुन्हा करा.

यातून तीन वर्ग हाती येतात. साध्या वर्गात बहुधा तिच्या रोजच्या खाण्यातले दाणे येतील. चांगल्या वर्गात उकडलेलं अंडं किंवा पनीर. खास वर्गात उकडलेली कोंबडी, भाजलेल्या कलेजीचे कण, नाहीतर धुऊन पुन्हा कडक वाळवलेल्या बोंबलाचे तुकडे. कलेजीत अ जीवनसत्त्व खूप असतं, तेव्हा ती चिमूटभरच आणि रोज नको. खारवलेला मासा अजिबात नको. क्रम तुमच्या कुत्रीचा वेगळा निघेल, आणि तिने लावलेला क्रमच खरा. काही कुत्र्यांना चेंडूपुढे कोंबडीही नको असते. घरातल्या सरावाला साधा वर्ग पुरतो. खास वर्ग फक्त बागेसाठी राखून ठेवा. तोच पदार्थ संध्याकाळी ताटात पडला, तर बागेत त्याचं अप्रूप राहत नाही.

खाऊ बदलला तरी बागेच्या मधोमध सुरुवात करू नका. फाटकाबाहेर पाच वेळा 'बस' करून घ्या. खाऊन लगेच तुमच्याकडे बघत असेल तर दहा पावलं आत. तोंडातून खाली पाडत असेल, किंवा घेताना दात लागण्याइतकी हिसकत असेल, तर दहा पावलं मागे. आणखी एक गोष्ट फार कमी घरांत केली जाते. खार सोडून ती तुमच्याकडे आली, तर एक मोठा गोळा देऊन मोकळे होऊ नका. तो एका घासात संपतो. चण्याएवढे सहा तुकडे एकामागून एक, दहा-पंधरा सेकंद लावून द्या. तुमच्याजवळ घालवलेला तो वेळ तिला खारीपेक्षा मोलाचा वाटायला हवा.

प्रश्न : आमच्या घरात मांस-मच्छी, अंडी काहीच येत नाही. पाकिटातल्या खाऊचाही वास आईंना सहन होत नाही. मग शिकवायचं कसं? (पुणे)

व्यवस्थित शिकवता येतं. पनीर बहुतेक कुत्र्यांना मनापासून आवडतं. दुधाने पोट बिघडणाऱ्या अनेक कुत्र्यांना ते चालतंही, कारण दुधातली बरीचशी साखर निवळीबरोबर निघून जाते. तरी पहिल्या दिवशी चार-पाच तुकडेच द्या आणि दुसऱ्या दिवशीची शी बघा.

पाकिटातून काढलेलं पनीर तसंच वापरलं की हात ओशट होतात, तुकडे कुसकरतात आणि पिशवीत त्यांचा लगदा होतो. पनीर फडक्यात गुंडाळून वजनाखाली अर्धा तास ठेवा, पाणी निघू द्या. अर्ध्या सेंटिमीटरचे तुकडे कापा. कोरड्या तव्यावर, तेल-मीठ न घालता, मंद आचेवर सहा ते आठ मिनिटं परता. बाहेरून कोरडे आणि आतून मऊ झाले की उतरवा. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा, नाहीतर वाफेने पुन्हा ओले होतात. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकतात. वापरण्याआधी पाच मिनिटं बाहेर काढून ठेवा, कारण थंडगार पदार्थाला वास कमी येतो आणि कुत्र्यासाठी निम्मी चव वासातच असते. उन्हाळ्यात उलटी काळजी घ्यायची. मे महिन्यात पनीर खिशात तासाभराहून जास्त ठेवू नका.

साध्या वर्गासाठी उकडलेलं रताळं, गाजर, काकडी, बिया काढलेलं सफरचंद आणि बिनमिठाचे चुरमुरे चालतात. पोळीचा तुकडा बिनधोक आहे, पण तो बहुतेक घरांत येता-जाता फुकट मिळत असतो, त्यामुळे त्याचं मोल उरलेलं नसतं. घट्ट चक्का चमच्यावर घेऊन चाटायला देता येतो. नखं कापताना किंवा डॉक्टरांच्या टेबलावर तो फार उपयोगी पडतो, कारण चाटणं लांबतं आणि तोवर कुत्रा एका जागी राहतो. शेंगदाण्याचं लोणी घरी केलेलं, नुसत्या भाजलेल्या दाण्यांचं. विकतचं आणणार असाल तर घटकांची यादी शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी घातला जाणारा गोड पदार्थ) असेल तर ती बरणी घरातच आणू नका. थोड्या प्रमाणातही ते कुत्र्याची रक्तातली साखर धोकादायक पातळीला खाली आणतं.

शाकाहारी घरांत एक धोका हमखास असतो. द्राक्षं, मनुका, बेदाणे यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. किती खाल्ल्यावर होईल याचा भरवसा नाही, एखाद्याला थोडेही बाधतात. सत्यनारायणाच्या प्रसादाच्या शिऱ्यात बेदाणे असतात, आणि प्रसादाला नाही म्हणू नये म्हणून तो द्रोण कुत्र्यासमोर धरला जातो. कृपा करून धरू नका. कांदा-लसूण घातलेली भाजी आणि चॉकलेटही बक्षीस म्हणून कधीच नको.

प्रश्न : डॉक्टर म्हणतात आमच्या बीगलचं वजन दोन किलोने जास्त आहे. 14 किलोचा आहे, 12 चा हवा. खाऊ बंद करा असं सगळे सांगतात. मग शिकवणीही बंद करायची का? (नाशिक)

शिकवणी चालू ठेवा आणि तुकडे लहान करा. दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी वरच्या खाऊतून दहा टक्क्यांपेक्षा जास्त जाऊ नयेत, हा पशुवैद्यकातला रूढ नियम आहे. कुत्रा नुसता विश्रांती घेत असताना दिवसाला किती उष्मांक लागतात, त्याचं सूत्र असं : किलोतल्या वजनाचा 0.75 वा घात, गुणिले 70. वजन उतरवताना हे सूत्र हव्या असलेल्या वजनाला लावून तिथून सुरुवात करतात. 12 किलोसाठी उत्तर येतं साधारण 450 किलोकॅलरी. त्याचा दहावा भाग 45. तुमच्या बीगलचा नेमका आकडा डॉक्टर ठरवतील, पण अंदाजाला हा पुरे.

45 किलोकॅलरी म्हणजे जवळजवळ 27 ग्रॅम उकडलेली, कातडी काढलेली कोंबडीची छाती, किंवा 15 ग्रॅम पनीर. ऐकायला कमी वाटतं. पण अर्ध्या सेंटिमीटरच्या तुकड्याचं वजन ग्रॅमच्या आठव्या भागाच्या आसपास भरतं. म्हणजे 15 ग्रॅम पनीरचे शंभरावर तुकडे होतात, कोंबडीचे दोनशे. रोज पाच-पाच मिनिटांचे तीन सराव केले तरी एवढे सहसा संपत नाहीत. चुकतं ते तुकडा सुपारीएवढा केल्यामुळे. कुत्रा मिळालं की नाही हे मोजतो, आकाराला त्या मानाने फार कमी किंमत देतो.

सकाळीच काट्यावर वजन करून दिवसाचा खाऊ एका डबीत भरा आणि घरातल्या प्रत्येकाने त्याच डबीतून द्यावा. डबी रिकामी झाली की त्या दिवशी खाऊ संपला. रोजच्या ताटातला चौथा हिस्साही शिकवणीत वापरता येईल, तो मूळ जेवणातलाच असल्याने वरचा धरायचा नाही. मात्र खाऊसाठी आसुसावा म्हणून त्याला उपाशी ठेवू नका. फार भुकेला कुत्रा हिसकतो, भुंकतो, आणि त्याचं लक्ष कामाऐवजी तुमच्या बोटांवर राहतं.

प्रश्न : हातात खाऊ दिसला तरच आमचा डॉबरमन बसतो. रिकामा हात दाखवला की सरळ निघून जातो. याला आपणच लाच खायला शिकवलं की काय? (कोल्हापूर)

हो, झालं आहे तसंच, आणि ते दुरुस्त होतं. लाच कामाआधी दिसते, बक्षीस कामानंतर येतं. नाकासमोर खाऊ धरून कुत्र्याला बसतं करणं ही सुरुवातीची युक्ती आहे, पण ती तीन ते पाच वेळांपुरतीच. पुढे महिनाभर तेच चालू राहिलं, तर कुत्र्याच्या दृष्टीने 'बस' हा शब्द ही आज्ञा राहत नाही. हातातला खाऊ हीच आज्ञा होते.

आता असं करा. पहिल्या तीन वेळा उजव्या हातात खाऊ धरून नेहमीसारखं बसवा. चौथ्या वेळी तोच हात, तीच हालचाल, पण हात रिकामा, आणि खाऊ पाठीमागे डाव्या हातात. बुड टेकलं की लगेच डाव्या हाताने द्या. हे दहापैकी आठ वेळा जमलं की खाऊ हातातूनच काढा. वाटी खिडकीच्या कट्ट्यावर किंवा फ्रिजवर ठेवा. बसला की तुम्ही चालत जा, आणा, द्या. रिकाम्या हाताच्या माणसाकडूनही खाऊ येतो, हे त्याच्या ध्यानात यायला हवं.

पण चालत जाण्यात पाच-सहा सेकंद जातात, आणि तेवढ्यात तो उठून उडी मारतो. मग खाऊ उडीला मिळतो. म्हणून मध्ये एक खुणेचा आवाज लागतो. 1951 साली बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात प्राण्यांना शिकवण्याबद्दल लिहिलं, तेव्हा त्याने याच कामासाठी दाबलं की टिक् वाजणारं लहान मुलांचं खेळणं सुचवलं होतं. आजचा क्लिकर त्याच वळणाचा. क्लिकर नसेल तर घरात एरवी न वापरला जाणारा एखादा आखूड शब्द घ्या. 'शाब्बास' नको, तो दिवसभर सगळ्यांसाठी चालू असतो. दोन दिवस, दिवसातून दोनदा, वीस वेळा फक्त आवाज आणि लगेच खाऊ, दुसरं काही न मागता. नंतर क्रम पाळा. बुड टेकलं, त्याच क्षणी आवाज, मग हात हलवा, मग खाऊ. आवाजाच्या आधी हात कमरेच्या पिशवीकडे गेला, तर कुत्रा आवाज ऐकतच नाही, हाताकडे बघतो. प्लॅस्टिकच्या पिशवीचा कुरकुर आवाजही असाच मध्ये येतो, म्हणून कापडी पिशवी बरी.

खाऊ कमी करायची घाई नको. सलग चार-पाच दिवस, तीन वेगवेगळ्या जागी दहापैकी आठ-नऊदा बरोबर करू लागला की मगच. तेही एक आड एक नाही, तो नेम कुत्र्याला लगेच कळतो. एकदा पहिल्याच वेळी द्या, मग तिसऱ्या, मग दुसऱ्या, मग पुन्हा पहिल्या. रोज मिळणारा खाऊ एकदम दहात एकदा केला की कुत्रा आधी जोर लावतो, म्हणजे भुंकतो, पंजा मारतो. मालक कंटाळून नेमका त्याच वेळी तुकडा देतो, आणि भुंकणं पक्कं होतं.

प्रश्न : रस्त्यावरून आणलेली आमची देशी कुत्री दोन वर्षांची आहे. बाहेर ती काहीच खात नाही, अगदी चिकनसुद्धा. एका प्रशिक्षकाने सांगितलं की हिला खाण्याची ओढच नाही, तेव्हा गळ्याला फासाची साखळी लावा. (डोंबिवली)

साखळी लावू नका. जी कुत्री घरात जेवते तिला खाण्याची ओढ आहेच, नाहीतर ती जगली नसती. बाहेर कोंबडी नाकारणारी कुत्री बहुतेक वेळा घाबरलेली असते किंवा चेव चढलेली असते. दोन्ही अवस्थांत भूक मागे पडते. कान मागे, शेपूट पोटाशी, उकाडा नसताना धाप, पुन्हा पुन्हा ओठ चाटणं, ही चिन्हं दिसतात का बघा. दिसत असतील तर खाऊ बदलून उपयोग नाही, अंतर बदला. स्टेशनकडच्या गर्दीऐवजी पहाटेची गल्ली, नाहीतर नुसता जिना. ज्या जागी ती तुकडा घेऊन चावून गिळते, तिथून शिकवणीची सुरुवात करायची.

खाऊ दिला तर भीती वाढेल, असं अनेकांना वाटतं. भीती ही ठरवून केलेली कृती नाही, ती बक्षिसाने वाढत नाही. दिवाळीत फटाका वाजल्यावर लगेच कोंबडी मिळाली, तर बिघडत नाही, झालं तर भलंच होतं. फक्त क्रम सांभाळा, आधी आवाज, मग कोंबडी. उलट केलं तर कोंबडी दिसली की ती फटाक्याची वाट बघू लागेल.

शिवाय बाहेर तिला काय हवं असतं ते बघा. रस्त्यावर वाढलेल्या कुत्रीला हुंगण्यात जी गोडी आहे ती पाकिटात मिळत नाही. डेव्हिड प्रीमॅक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1959 मध्ये मांडलेलं तत्त्व असं की, जी कृती प्राणी आपणहून जास्त करतो, ती कमी होणाऱ्या कृतीचं बक्षीस ठरू शकते. आपल्याकडे आया हेच वापरतात. आधी अभ्यास, मग खेळ. तुमच्या कुत्रीसाठी, आधी सैल पट्टा, मग खांब. खांब पाच पावलांवर असताना पट्टा ताणला की थांबा, काही बोलू नका. पट्टा सैल झाला की 'जा' म्हणा आणि तिच्यासोबत खांबापर्यंत चालत जा. अर्धा मिनिट मनसोक्त हुंगू द्या. चार दिवसांत 'जा' हा शब्द ऐकायला ती तुमच्याकडे वळून बघू लागली, तर समजा की बाहेरचं बक्षीस सापडलं.

प्रश्न : आमच्या वेळी कुत्र्याच्या डोक्यावर थोपटलं की पुरे असायचं. हे खाऊचं खूळ कशाला? (सातारा)

थोपटणं पुरत असेल तर जरूर थोपटा, पण त्याला ते आवडतं का हे तपासा. छातीवर किंवा कानामागे तीन सेकंद हलकेच खाजवा आणि हात काढून घ्या. तो सरकून जवळ आला, नाकाने हात ढोसला, तर आवडलं. मान वळवली, जांभई दिली, अंग झटकलं, तर सहन केलं. डोक्यावर वरून येणारा हात पुष्कळ कुत्र्यांना नकोसा असतो, तो ते केवळ आपल्या माणसाचा म्हणून चालवून घेतात. नवीन काही शिकवताना मात्र खाऊच सोयीचा. मिनिटात दहा-बारा वेळा देता येतो आणि दिल्यावर कुत्रा पुन्हा कामाला तयार असतो.

प्रश्न : हाक मारली की आमचा कुत्रा येतो, पण दोन हातांवर थांबतो. पट्ट्याला हात लावायला गेलं की वाडीभर पळवतो. (रत्नागिरी)

दोन गोष्टी एकत्र झाल्या आहेत. खाऊ तुम्ही बहुधा त्याच्याकडे फेकता किंवा हात लांब करून देता, म्हणून बक्षिसाची जागा दोन हातांवर ठरली. कुत्रा जिथे खाऊ मिळतो तिथे उभा राहतो. दुसरं म्हणजे गळपट्टा धरला की फिरणं संपतं, ही शिक्षा त्याला पाठ झाली आहे.

म्हणून खाऊ तुमच्या दोन पावलांच्या मधोमध, पायाशी टाका. मांडीला हात लावूनच द्या, पुढे करू नका. तो जवळ येऊ लागला की आधी बोटाने गळपट्ट्याला नुसता स्पर्श, मग खाऊ. दुसऱ्या दिवशी एक सेकंद धरा, मग खाऊ. नंतर तीन सेकंद. धरून झालं की दहापैकी नऊ वेळा सोडून द्या आणि पुन्हा खेळू द्या. मोकळं सोडणं हे त्याच्यासाठी तुकड्याहून मोठं बक्षीस आहे. अंघोळीला, औषधाला किंवा बांधायला न्यायचं असेल तर हाक मारू नका, तुम्हीच चालत जा. जुन्या हाकेला पळ काढायची सवय जडली असेल तर ती हाक सोडा, नवा शब्द घ्या, आणि पहिले तीन आठवडे त्या शब्दावर आल्यावर एकदाही रिकाम्या हाताने परत पाठवू नका.